एकाच दिवशी दोन याद्या: गागोदे, ट्रॉम्बे आणि इस्लामाबाद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेलं तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात एका प्रश्नाने करू. १ जानेवारीला सकाळी तुम्ही काय करता? बहुतेक जण झोपलेले असतात. काही जण अलिबागच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात. उरलेले ‘हॅपी न्यू इयर’चे फॉरवर्ड डिलीट करत असतात.

त्याच दिवशी दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये एकाच वेळी एक काम होतं. दिल्लीत आपलं परराष्ट्र मंत्रालय पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाकडे एक यादी देतं. इस्लामाबादमध्ये त्यांचं मंत्रालय आपल्या उच्चायुक्तालयाकडे त्यांची यादी देतं. यादीत काय असतं? आपापल्या देशातली अणुकेंद्रं आणि त्यांचे अक्षांश-रेखांश. म्हणजे ज्या जागांवर शत्रूचं विमान कधीही येऊ नये असं वाटतं, त्याच जागांचा पत्ता आपण दरवर्षी स्वतःच्या हाताने शत्रूला देतो. आणि तोही आपल्याला देतो.

१ जानेवारी १९९२ ला ही देवाणघेवाण पहिल्यांदा झाली. त्यानंतर एकही वर्ष चुकलेलं नाही. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा झालं, २०२५ चा मे महिना झाला. यादी गेली आणि यादी आली.

आज या यादीचा इतिहास सांगणार आहे. आणि त्याच दिवशी दिल्या-घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका यादीबद्दलही बोलणार आहे. पण त्याआधी जरा पेण तालुक्यात जाऊ.

गागोद्याचा माणूस

गागोदे बुद्रुक. रायगड जिल्हा, पेण तालुका. पेण म्हटलं की आपल्याला गणपतीचे कारखाने आठवतात. गागोदे मात्र एका माणसामुळे ओळखलं जातं. ११ सप्टेंबर १८९५ ला इथे विनायक नरहर भावे जन्मले. तेच आपले विनोबा. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. बालपण इथे गेलं, मग वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेलं.

विनोबा म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं भूदान आठवतं आणि आपण पान उलटतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. पण अणुयुगाबद्दल या माणसाने जे म्हणून ठेवलंय ते वाचलं की थांबायला होतं.

विनोबा आईची एक आठवण सांगायचे. घरी फणस उतरला की आई तो आधी शेजारीपाजारी वाटायला लावायची. मुलांच्या तोंडात गरा पडायचा तो नंतर. कोकणात वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. आंबा-फणस शेजारी गेला नाही तर पुढे वर्षभर बोलणी खावी लागतात.

विनोबा हाच शेजारधर्म देशांच्या बाबतीत लावू पाहत होते. १९५७ मध्ये त्यांनी ‘जय जगत’ ही घोषणा दिली. ‘जय हिंद’ अजून लोकांच्या ओठांवर ताजं होतं, आणि हे म्हणत होते की आता त्याच्याही पुढे चला. त्यांनी एक ‘एबीसी त्रिकोण’ मांडला होता. ए म्हणजे अफगाणिस्तान, बी म्हणजे बर्मा, सी म्हणजे सिलोन. या तीन टोकांच्या आत जेवढे देश येतात त्यांनी मिळून एक संघ करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सार्क १९८५ मध्ये स्थापन झाली, विनोबा १९८२ मध्येच गेले होते.

आता मुख्य मुद्दा. विनोबांचं एक समीकरण होतं. विज्ञानाला हिंसा जोडली की सर्वनाश, अहिंसा जोडली की सर्वोदय. हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्यांचं दुसरं एक म्हणणं फार कमी जणांना माहीत असतं. त्यांना अणुबॉम्बपेक्षा लाठी, बंदूक, तलवार यांची चिंता जास्त वाटायची. त्यांचा तर्क असा, की अणुबॉम्ब इतका भयंकर आहे की माणसाला शेवटी हिंसा सोडण्याचाच विचार करावा लागेल. छोटी शस्त्रं मात्र वापरता येतात, आणि म्हणून ती वापरली जातात. महायुद्धापेक्षा छोट्या छोट्या लढायाच जास्त धोक्याच्या.

ऐकायला उलटं वाटतं ना? हे डोक्यात ठेवा. शेवटी याचा हिशेब करायचाय.

१९६२: दोन प्रकारची पदयात्रा

१९५१ पासून विनोबा देशभर पायी फिरत होते. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये आसामहून बंगालकडे यायचं होतं. मध्ये पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश. वळसा घालून येता आलं असतं. विनोबांनी पाकिस्तान सरकारकडे परवानगी मागितली, आणि अयुब खानांच्या लष्करी राजवटीत ती मिळाली. ५ सप्टेंबरला ते सीमा ओलांडून गेले. पुढचे पंधरा-सोळा दिवस रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला चालणं, प्रार्थना आणि सभा. फाळणीला जेमतेम १५ वर्षं झाली होती. तिथेही काही लोकांनी भूमिहीनांसाठी जमीन दिली.

त्याच वर्षी १ जूनला दिल्लीत राजघाटावरून दोन तरुण निघाले होते. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन, दोघेही विनोबांच्या चळवळीतले. इंग्लंडमध्ये बर्ट्रांड रसेल हे तत्त्वज्ञ नव्वदीला टेकलेले असताना अण्वस्त्रविरोधी आंदोलनात तुरुंगात गेले होते. ती बातमी वाचून या दोघांनी ठरवलं की तेव्हा ज्या चार देशांकडे अणुबॉम्ब आहे त्यांच्या राजधान्यांपर्यंत चालत जायचं. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले, तर विनोबांनी काय सल्ला दिला? खिशात एक पैसाही ठेवू नका. पैसे असले तर हॉटेलात जाल. नसले तर माणसांच्या दारात जावं लागेल.

वाघा सीमेवर निरोप द्यायला आलेल्या एका स्नेह्याने त्यांना खाण्याची पुडकी देऊ केली. पाकिस्तानात कुणी जेवायला घातलं नाही तर? सतीश कुमारांनी ती घेतली नाहीत. पुडकं सोबत घ्यायचं म्हणजे अविश्वास सोबत घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. सीमेपलीकडे पोहोचले तर एक अनोळखी गृहस्थ त्यांना शोधत आला. शांतीसाठी चालत येणाऱ्या दोन भारतीयांबद्दल त्याला कळलं होतं, आणि त्यांना लाहोरला आपल्या घरी न्यायचं होतं.

छान गोष्ट आहे. पण इतिहास इथे संपत नाही. विनोबा पूर्व पाकिस्तानातून परतले त्याच्या पुढच्याच महिन्यात, २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. त्याच सुमारास तिकडे क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभं होतं. १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली, १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झालं. माणसं एकमेकांना जेवायला घालत होती आणि सरकारं लढत होती. दोन्ही खरं आहे. एका चांगल्या यजमानामुळे धोरण बदलत नाही.

मग धोरण कशामुळे बदलतं? त्यासाठी खाडीपलीकडे पाहावं लागेल.

समोरच्या किनाऱ्यावर ट्रॉम्बे

घारापुरीला गेला असाल तर एक गोष्ट माहीत असेल. घारापुरी मुंबईची वाटते, पण आहे रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. आणि तिच्या समोरच्याच किनाऱ्यावर ट्रॉम्बे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र. ४ ऑगस्ट १९५६ ला इथे ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ‘सायरस’ आली. १८ मे १९७४ च्या पहिल्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम याच सायरसमधून आलं होतं. पुढे ‘ध्रुव’ आली.

म्हणजे भारत-पाकिस्तान अणुप्रश्न म्हणताना आपण राजस्थानचं वाळवंट डोळ्यांसमोर आणतो, पण त्याचं एक टोक आपल्या घराशेजारी आहे. मुंबई, उरण, पनवेल, पेण, सगळं याच टापूत.

१९७४ नंतर पाकिस्तानचा बॉम्बचा ध्यास आणखी तीव्र झाला. इस्लामाबादजवळ कहुटा इथे युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला. त्याचे प्रमुख अब्दुल कादीर खान. जन्म भोपाळचा. फाळणी कुठे कुठे पोहोचते बघा.

आणि मग ७ जून १९८१. इस्रायलच्या विमानांनी इराकची बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी बॉम्ब टाकून उडवली. जगभरच्या राजधान्यांत एकच विचार आला असणार, हे आपल्याकडेही होऊ शकतं. इस्लामाबादला भीती वाटू लागली की भारत कहुटावर असाच हल्ला करेल. पुढची तीन-चार वर्षं अशा बातम्या आणि अफवा सतत येत राहिल्या.

या काळातली एक हकीकत अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी लिहून ठेवली आहे. १९८३ च्या सुमारास व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीच्या वेळी पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख मुनीर अहमद खान आणि आपले राजा रामण्णा भेटले. दोघं एकमेकांना ओळखत होते. मुनीर खान यांनी सांगितलं की तुम्ही कहुटावर हल्ला केलात तर आम्ही ट्रॉम्बेवर करू.

या धमकीचा अर्थ नीट समजून घ्या. अणुभट्टीवर साधा बॉम्ब पडला तरी पुरतं. त्यासाठी अणुबॉम्ब लागत नाही. आतला किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडला की पुढचं काम वारा करतो. तो किती लांब जाऊ शकतो हे जगाने २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलमध्ये पाहिलं, आणि तो तर अपघात होता. चेर्नोबिलचा किरणोत्सार स्वीडनपर्यंत पोहोचला. आता ट्रॉम्बेच्या आजूबाजूची वस्ती मनात आणा. वारा कुठल्याही दिशेला वाहो, तिथे माणसंच आहेत.

तर दोन्ही बाजूंना एक साधी गोष्ट कळली होती. समोरच्याच्या अणुभट्टीवर हल्ला करणं म्हणजे आपल्या अणुभट्टीवर हल्ला बोलावून घेणं.

विश्वास नसताना केलेला करार

१७ डिसेंबर १९८५. पाकिस्तानचे अध्यक्ष झिया उल हक दिल्लीत आले होते. त्यांच्यात आणि राजीव गांधींमध्ये तोंडी ठरलं की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. तोंडी! कागद नाही, सही नाही.

पुढच्या वर्षभरातच परीक्षा झाली. १९८६-८७ च्या हिवाळ्यात भारताने राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ नावाचा प्रचंड युद्धसराव केला. पाकिस्तानला वाटलं हा सराव नाही, हल्ल्याची तयारी आहे. त्यांनीही फौजा हलवल्या. जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही सैन्यं समोरासमोर होती. मग बोलणी झाली, फौजा मागे घ्यायचं ठरलं, आणि फेब्रुवारीत झिया चक्क क्रिकेट बघायला जयपूरला आले. ‘क्रिकेट डिप्लोमसी’ हा शब्द तेव्हापासून रुळला.

ऑगस्ट १९८८ मध्ये झियांचा विमान अपघातात मृत्यू झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. वय ३५. त्याच महिन्याच्या शेवटी इस्लामाबादमध्ये सार्क परिषद होती, राजीव गांधी तिथे गेले. ३१ डिसेंबर १९८८. दोघांच्या उपस्थितीत दोन्ही देशांच्या परराष्ट्र सचिवांनी करारावर सह्या केल्या. भारताकडून के. पी. एस. मेनन, पाकिस्तानकडून हुमायून खान.

करार किती मोठा असेल? फक्त तीन कलमं. तुमच्या फोनमधल्या कुठल्याही ॲपच्या अटी याच्यापेक्षा लांब असतात. मतितार्थ असा: एकमेकांच्या अणुकेंद्राचं नुकसान होईल असं कोणतंही कृत्य करायचं नाही, त्याला उत्तेजन द्यायचं नाही, त्यात भाग घ्यायचा नाही, थेट नाही आणि आडूनही नाही. अणुकेंद्रात काय काय येतं हेही लिहिलंय. वीज बनवणाऱ्या आणि संशोधनाच्या भट्ट्या, इंधन बनवणारे कारखाने, युरेनियम समृद्ध करण्याच्या जागा, वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्याच्या जागा, मोठ्या प्रमाणावर किरणोत्सारी साठा असलेल्या जागा. आणि दर १ जानेवारीला यादी.

बस. तपासणी नाही. निरीक्षक नाहीत. तिसरा देश नाही. यादी खरी आहे की खोटी हे बघायची कसलीही सोय नाही.

करार लागू व्हायलाही दोन वर्षं लागली, २७ जानेवारी १९९१ उजाडला. पहिल्या याद्या आल्या तेव्हा दोन्हीकडे कुजबुज झाली की समोरच्याने एखादी जागा गाळली आहे. म्हणजे विश्वास तेव्हाही नव्हताच. तरीही पुढच्या वर्षी यादी दिली. आणि त्याच्या पुढच्या वर्षी.

मला या कराराचं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण नेहमी ऐकतो, ‘आधी विश्वास निर्माण होऊ दे, मग बोलू.’ इथे उलटं झालं. विश्वासाची वाट बघत बसले असते तर आजही करार झाला नसता. विश्वास नाही, म्हणूनच करार केला. मैत्री होती म्हणून नाही, तर दोघांचंही एकच नुकसान होणार होतं म्हणून.

गावात दोन भाऊबंदांचं बांधावरून भांडण असतं. कोर्टात केस चालू असते, बोलणं बंद असतं. पण उन्हाळ्यात वणवा आपल्या बाजूने पेटला तर माणूस ओरडून पलीकडच्याला सांगतो. प्रेमाने नाही. आग बांध बघत नाही म्हणून.

परीक्षा

११ आणि १३ मे १९९८ ला भारताने पोखरणला पाच चाचण्या केल्या. २८ आणि ३० मे ला पाकिस्तानने बलुचिस्तानात उत्तर दिलं. आता दोन्हीकडे उघड बॉम्ब होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, अण्वस्त्रांचे धोके कमी करण्यासाठी काय काय करायचं याचा आराखडा ठरला. आणि त्याच उन्हाळ्यात कारगिल.

कारगिलने जगाला एक गोष्ट दाखवली. बॉम्ब आल्यावर युद्ध बंद होतं असं नाही, युद्धाचा आकार बदलतो. मोठं युद्ध परवडत नाही हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून छोट्या कुरापतीला धीर येतो. अभ्यासक याला स्थैर्य-अस्थैर्याचा विरोधाभास म्हणतात. ग्लेन स्नायडर या अमेरिकन अभ्यासकाने ही कल्पना १९६५ मध्ये मांडली.

आता मघाशी डोक्यात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. मोठ्या शस्त्रापेक्षा छोट्या शस्त्राची चिंता करा, असं म्हणणारा गागोद्याचा माणूस. विनोबांनी हे नैतिकतेच्या वाटेने सांगितलं, स्नायडरने डावपेचांच्या वाटेने. दोघांचं बोट एकाच दुखण्यावर आहे. मुंबई २००८, पुलवामा २०१९, पहलगाम २०२५. बंदुका, स्फोटकांनी भरलेली गाडी, पुन्हा बंदुका. अणुबॉम्ब कुठेच वापरला गेला नाही, पण प्रत्येक वेळी पाठीमागे तो उभा होता.

विनोबांच्या तर्काचा दुसरा भाग मात्र अजून खरा ठरलेला नाही. बॉम्ब इतका भयंकर आहे की माणसं हिंसाच सोडतील, ही आशा. सिप्री या स्टॉकहोमच्या संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रं आहेत. संख्या वाढते आहे.

काही छोटे करार मध्ये झाले. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करण्याआधी एकमेकांना कळवायचं, हे २००५ मध्ये ठरलं. अण्वस्त्रांशी संबंधित अपघात झाला तर लगेच सांगायचं, हे २००७ मध्ये. उपयोगी आहेत, पण भोकं आहेत. ९ मार्च २०२२ ला आपल्याकडून एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू इथे जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी मेलं नाही. भारताने खेद व्यक्त केला, पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र, त्यामुळे २००५ च्या करारात ते येतच नाही. त्या दिवशी आपण वाचलो ते पाकिस्तानने घाईने उत्तर दिलं नाही म्हणून.

यादीच्या कराराची किंमत कळायला मात्र इतर देशांकडे बघा. २०२२ पासून युक्रेनमधलं झापोरिझ्झिया अणुऊर्जा केंद्र युद्धाच्या मधोमध अडकलंय. जून २०२५ मध्ये इराणच्या नतांझ, इस्फहान आणि फोर्दोवर हल्ले झाले. अणुकेंद्रांना हात लावायचा नाही हा नियम जगात कमकुवत होत चाललाय. आणि दक्षिण आशियात, ज्याला सगळे जगातला सर्वात धोकादायक कोपरा म्हणतात, तिथे तीन कलमांचा तो कागद टिकून आहे. मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. १० मे ला दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांचं फोनवर बोलणं झालं आणि गोळीबार थांबला. सिंधू पाणी करार तर एप्रिलमध्येच स्थगित झाला होता, व्हिसा बंद, सीमा बंद. आणि १ जानेवारी २०२६ ला यादी? दिली गेली. सलग ३५ वी.

याहून पुढे जाता येतं का? येतं. अर्जेंटिना आणि ब्राझील हे जुने प्रतिस्पर्धी, दोघांचेही गुप्त अणुकार्यक्रम. १९८५ मध्ये बोलणी सुरू झाली, मग अर्जेंटिनाच्या अध्यक्षांनी ब्राझीलच्या अध्यक्षांना आपला युरेनियमचा गुप्त कारखाना प्रत्यक्ष दाखवला. १९९१ मध्ये दोघांनी संयुक्त संस्था काढली, आणि आज एकमेकांचे निरीक्षक एकमेकांची केंद्रं तपासतात. आपली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य. काश्मीर आहे, दहशतवाद आहे, चीन आहे. पण ‘शेजाऱ्याला अणुकेंद्र दाखवणं अशक्य’ हे वाक्य तिथेही लोक म्हणतच होते.

दुसरी यादी

आता ज्यासाठी हा भाग केला ते सांगते.

त्याच १ जानेवारीला आणखी एक यादी दिली-घेतली जाते. कैद्यांची. २००८ च्या एका करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगातले समोरच्या देशाचे नागरिक कोण कोण आहेत ते कळवतात. त्यात मच्छीमारांचा वेगळा आकडा असतो.

१ जानेवारी २०२५ ची यादी सांगते. भारताच्या तुरुंगात ३८१ सामान्य कैदी आणि ८१ मच्छीमार, पाकिस्तानचे किंवा पाकिस्तानचे समजले जाणारे. पाकिस्तानच्या तुरुंगात आपले ४९ सामान्य कैदी आणि २१७ मच्छीमार.

हे मच्छीमार कोण? बरेचसे गुजरातचे. पण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे आपले पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुणही त्यांच्यात असतात. गुन्हा काय? पाण्यातली रेषा ओलांडली. सर क्रीकचा वाद सुटलेला नाही, समुद्राची हद्द दोन्ही देशांनी मिळून आखलेली नाही, आणि पाण्यावर पाटी नसते. मासळी जिकडे जाते तिकडे बोट जाते. शिक्षा काही महिन्यांची असते. ती संपल्यावर नागरिकत्व पडताळायचं, मग दोन्ही सरकारांची वेळ जुळायची. त्यात वर्षं जातात. काही जण तिथेच मरतात आणि मृतदेह यायलाही आठवडे लागतात.

हे सोडवायला दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती. ते एकमेकांच्या तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचे आणि सुटकेची शिफारस करायचे. २०१३ नंतर ती समिती बसलेलीच नाही.

या दोन याद्या शेजारी ठेवून बघा. एकाच दिवशी, त्याच दोन शहरांत दिलेल्या. पहिलीत इमारती आहेत. त्या ३५ वर्षं सुरक्षित आहेत, एकीलाही कुणी हात लावलेला नाही. दुसरीत माणसं आहेत, आणि ती वाट बघतायत.

यावरून कुणी म्हणेल, मग पहिल्या यादीचा काय उपयोग? मला तसं वाटत नाही. पहिली यादीच पुरावा आहे की ही दोन राज्यं ठरवलं तर एखादी गोष्ट न चुकता, न भांडता, युद्ध चालू असलं तरी करू शकतात. जमत नाही ही सबब तिथे खोटी पडते. मच्छीमाराला शिक्षा संपल्यावर ठरावीक दिवसांत सोडायचं, एवढं एक कलम घ्या. त्यासाठी काश्मीर सुटावं लागत नाही, कुणाला कुणावर प्रेम करावं लागत नाही. आणि यात कुणाची सुरक्षा धोक्यात येत नाही.

१९६२ ची पदयात्रा आणि १९८८ चा करार यांत मला एक नातं दिसतं. पहिल्याने दाखवलं की सीमेपलीकडचा माणूस जेवायला घालू शकतो. दुसऱ्याने दाखवलं की सीमेपलीकडचं सरकार शब्द पाळू शकतं. आता पहिल्यातला माणूस दुसऱ्यातल्या कागदावर यायला हवा.

तुमच्यासाठी एक काम. पुढच्या १ जानेवारीला किंवा १ जुलैला परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर जा. त्या दिवशीचं प्रसिद्धिपत्रक दोन-चार परिच्छेदांचं असतं. न्यूज चॅनेल त्यावर चर्चा करत नाहीत, कारण त्यात ओरडण्यासारखं काही नसतं. तुम्ही वाचा. मच्छीमारांचा आकडा मागच्या वेळेपेक्षा कमी झालाय का बघा. पालघर, डहाणूकडचं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही पाठवा. आणि तुमच्या खासदाराला एक ओळ लिहा, की ती न्यायाधीशांची समिती पुन्हा कधी बसणार?

आजच्यापुरतं एवढंच. काही शंका असतील, काही पटलं नसेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि जय जगत!